गच्चीवर बेस अँटेना उभारताना

मे महिन्याच्या अखेरीस एखाद्या दुपारी धुळीचा लोट उठतो, अर्धा-पाऊण तास वारा सुटतो आणि रावेर-यावल पट्ट्यातील घड लागलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात, हे खान्देशात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. घराच्या गच्चीवर हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन हौसेने चालवायच्या बिनतारी संचाचा, बेस (एका जागी कायम बसवलेला) अँटेना उभारायचा ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी त्याच अर्ध्या तासाचा हिशेब धरून कामाला लागावे, असे माझे मत आहे. नवोदितांचा बहुतेक वेळ कोणता अँटेना घ्यावा, त्याचा गेन (लहरी हव्या त्या दिशेला एकवटण्याची क्षमता) किती आणि तो कोणत्या कंपनीचा या चर्चेत जातो. प्रत्यक्षात साधा अँटेना नीट बांधलेला असेल तर वर्षानुवर्षे चालतो, आणि महागडा अँटेना ढिल्या क्लॅम्पवर असेल तर पहिल्याच वादळात शेजाऱ्याच्या पत्र्यावर जाऊन पडतो.

या लेखात दोन मीटर बँडचा, म्हणजे भारतात हौशी रेडिओसाठी असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील उभा अँटेना गृहीत धरला आहे. घर सिमेंटच्या स्लॅबचे, गच्चीला विटांचा कठडा, चार मीटरचा लोखंडी खांब, त्यावर दोन मीटरच्या आतबाहेरचा फायबरग्लासचा अँटेना आणि खोलीपर्यंत साधारण २० मीटर केबल, अशी ही जोडणी आहे. गावाकडे अजून धाब्याची घरे आहेत. त्या माती-लाकडाच्या छतावर खांब कधीही रोवू नये. अंगणात स्वतंत्र खांब पुरून त्याला घराच्या भिंतीचा बाजूने आधार द्यावा. पत्र्याच्या घरालाही हाच नियम लावावा.

आधी परवानगीचे

परवान्याशिवाय प्रक्षेपण करणारा संच बाळगणे आणि त्यावरून बोलणे बेकायदा आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन हौशी केंद्रचालकाचा परवाना देते, त्यासाठी वयाची १२ वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि उत्तीर्ण झाल्यावर व्हीयू२ किंवा व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होणारे कॉलसाइन, म्हणजे हवेवरची आपली ओळख, मिळते. परवाना येईपर्यंत अँटेना, खांब आणि अर्थिंगचे काम उरकून घेण्यास हरकत नाही. किंबहुना तो काळ याच कामासाठी वापरावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीची लेखी संमती घ्यावी, कारण तोंडी संमती समितीबरोबरच बदलते. जळगावचे विमानतळ किंवा धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी यांच्या आसपास घर असेल तर उंचीच्या मर्यादेची चौकशी खांब विकत घेण्यापूर्वी करावी.

शेजाऱ्यांनाही विश्वासात घ्यावे. खांब उभा राहिला की गल्लीतली एखादी आजी "हाई काय शे, भाऊ?" असे विचारतेच, आणि त्या प्रश्नामागे मोबाइल टॉवरची धास्ती असते. हा टॉवर नाही, मी बटण दाबून बोलतो तेवढाच वेळ यातून लहरी निघतात, असे शांतपणे सांगितले की विषय संपतो. शब्दाला कृतीची जोड मात्र हवी. ५० वॅटचा संच आणि साधारण गेनचा अँटेना असेल तर अँटेनापासून माणूस निदान तीन मीटर दूर राहील, अशी उंची ठेवावी. आपल्याकडे उन्हाळ्यात निम्मे घर गच्चीवर झोपते, तेव्हा हा मुद्दा आपल्याला इतरांपेक्षा अधिक लागू आहे.

उंची किती हवी

दोन मीटर बँडच्या लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत जातात. दोन्ही ठिकाणच्या अँटेनांची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे, दोन्ही वर्गमुळांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे सपाट प्रदेशातील पल्ला किलोमीटरमध्ये. दोन्हीकडे १० मीटर उंची असेल तर उत्तर २६ येते. जळगाव ते भुसावळ हे अंतर जवळपास तेवढेच आहे, म्हणजे एकमजली घर, त्यावर चार मीटरचा खांब आणि वर अँटेना एवढ्यावर या दोन शहरांत थेट बोलणे व्हायला हवे, आणि ते होतेही. जळगावहून धुळ्याला बोलायचे असेल तर मात्र कितीही शक्तीचा संच घेतला तरी गच्चीवरून गच्चीवर निभावणार नाही. त्याच सूत्राने पाहिले तर ८५ किलोमीटरसाठी एका टोकाला १० मीटर आणि दुसऱ्या टोकाला सुमारे ३०० मीटर उंची लागते, आणि रिपीटर (एकाचा आवाज ऐकून तोच पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र) डोंगरावर का बसवतात याचे उत्तर त्यातच आहे. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग असल्यामुळे तापीच्या खोऱ्यात पूर्व-पश्चिम दिशा मोकळ्या आणि उत्तर-दक्षिण बंद, असा अनुभव येतो. म्हणून डोंगराच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्याने खांब वाढवण्यात पैसे घालण्यापूर्वी हातातला संच घेऊन गच्चीवर चढून ऐकून पाहावे.

जागा निवडणे

जागा निवडताना पहिली नजर विजेच्या तारांकडे जावी. खांब आणि अँटेना मिळून जेवढी लांबी होते, तिच्या निदान दीडपट अंतराच्या आत विजेची कोणतीही तार नसावी. खांब कोणत्याही दिशेला कोलमडला तरी तो तारेवर पडता कामा नये. ही अट पाळता येत नसेल तर त्या गच्चीवर अँटेना उभारू नये. या एका बाबतीत तडजोडीला जागा नाही, कारण ओला खांब ११ केव्हीच्या तारेला टेकला तर दुसरी संधी मिळत नाही.

त्यानंतर पाण्याची टाकी, सोलर हीटर, डिश आणि लोखंडी जिने यांच्यापासून अँटेना निदान दोन मीटर दूर राहील असे पाहावे, आणि टाकीच्या स्टँडला खांब बांधण्याचा मोह टाळावा. सर्वांत उत्तम जागा म्हणजे जिन्याच्या वर बांधलेल्या खोलीची बाहेरची भिंत. ती कठड्यापेक्षा उंच आणि भक्कम असते, तिच्या कोपऱ्यात बहुधा कॉलम असतो, आणि दोन क्लॅम्पमध्ये भरपूर अंतर ठेवता येते.

खांब आणि क्लॅम्प

खांबासाठी दीड इंची जीआय पाइप घ्यावा. त्याचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटरच्या आसपास असतो. दुकानात ए, बी आणि सी असे वर्ग मिळतात आणि पाइपावरच्या पट्टीचा रंग अनुक्रमे पिवळा, निळा आणि तांबडा असतो. निळ्या पट्टीचा बी वर्ग आपल्या कामाला योग्य आहे. पाइप सहा मीटर लांबीचा येतो, तो तिथेच चार मीटरवर कापून घ्यावा आणि उरलेला तुकडाही घरी आणावा. खांबाला भोके पाडून त्यातून बोल्ट घालू नयेत, कारण वाकताना तो नेमका भोकाशी मोडतो; सगळी पकड यू-बोल्टने घ्यावी. वरचे तोंड प्लास्टिकच्या टोपीने बंद करावे, नाहीतर पावसाचे पाणी आत साठते आणि वाऱ्याच्या रात्री खांब शीळ घालतो. खालचे तोंड उघडे ठेवावे.

आता त्या वादळाचा हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४८ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वरच्या क्लॅम्पच्या वर तीन मीटर खांब मोकळा आहे असे धरले तर गोल आकाराचा विचार करूनही त्या खांबावर सुमारे साडेआठ किलोचा जोर येतो, आणि दोन मीटर लांब, तीन सेंटिमीटर जाड अँटेनावर आणखी साडेतीन किलोचा. एकूण १२ किलो हा आकडा किरकोळ वाटतो, आणि बहुतेक जण इथेच फसतात. हा जोर उंचावर लागतो, त्यामुळे खाली तरफेसारखा वाढून येतो. दोन क्लॅम्पमधील अंतर फक्त २० सेंटिमीटर ठेवले तर वरच्या क्लॅम्पवर सुमारे १४५ किलोची ओढ बसते. तेच अंतर ६० सेंटिमीटर ठेवले तर ओढ ५६ किलोवर येते, आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर एक मीटर अंतर मिळाले तर अवघी ३९ किलो. खांब तोच, वारा तोच, खर्चही तोच. केवळ दुसरा क्लॅम्प खाली सरकवल्याने भिंतीवरचा भार जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. डिशवाल्यांचे एकाच पट्टीवरचे, हातभर अंतराचे ब्रॅकेट अँटेनाच्या खांबाला का वापरू नये, ते या आकड्यांवरून कळावे.

क्लॅम्प फॅब्रिकेशनच्या दुकानात करून घ्यावेत. ४० मिलिमीटरचा अँगल, त्यावर वेल्ड केलेली पाच मिलिमीटर जाडीची पट्टी आणि १० मिलिमीटरचे यू-बोल्ट एवढे पुरते. करून झाल्यावर वेल्डिंगच्या जागी रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. भिंतीत बसवताना जागा कॉलम किंवा बीमची असेल तर १० मिलिमीटरचे फास्टनर हॅमर ड्रिलने निदान ७५ मिलिमीटर खोल बसवावेत. प्लॅस्टरची जाडी या खोलीत धरू नये. भिंत निव्वळ विटांची असेल तर फुगणारे फास्टनर टाळावेत, कारण ते आवळताना वीट फुटते आणि ते फुटणे प्लॅस्टरमुळे दिसत नाही. तिथे बोल्ट भिंतीच्या आरपार न्यावा आणि पलीकडून तळहाताएवढी लोखंडी पट्टी घालून आवळावा. साडेचार इंची कठड्यावर खांब बांधण्याची वेळ आलीच तर त्या कठड्याला आधी हाताने ढकलून पाहावे. अनेक घरांचे कठडे मागाहून बांधलेले असतात आणि ते स्लॅबला नुसते टेकलेले असतात.

स्लॅबमध्ये मात्र कोणत्याही कारणाने भोक पाडू नये. पुढच्या पावसाळ्यात छत कुठेही गळले तरी त्याचे खापर अँटेनावरच फुटते, आणि घरच्यांपुढे बाजू मांडायला आपल्याजवळ काही उरत नाही.

तीन मीटरपर्यंतच्या मोकळ्या खांबाला, क्लॅम्पमध्ये पुरेसे अंतर असेल तर, ताण, म्हणजे बाजूंनी ओढून धरणाऱ्या तारा, देण्याची गरज नसते. त्याहून उंच खांबाला तीन दिशांना समान अंतरावर तीन ताण द्यावेत, ते खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीवर बांधावेत आणि प्रत्येकात टर्नबकल (तार आवळण्याचा स्क्रू) घालावे. ताणासाठी तीन मिलिमीटरची जीआय वायर-रोप घ्यावी. नायलॉनची दोरी आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत पिठासारखी होते. ताण गळ्याच्या उंचीवरून जात असेल तर त्यावर माणसाच्या उंचीपर्यंत पांढऱ्या पाइपाचा तुकडा ओवावा, कारण रात्री अंधारात अंथरूण घेऊन वर येणाऱ्या माणसाला ती तार दिसत नाही. पापड-कुरडयांच्या दिवसांत दुपारीसुद्धा गच्ची रिकामी नसते, हेही लक्षात असू द्यावे.

केबल आणि पाणी

नवोदित माणूस सगळ्यात जास्त काटकसर केबलवर करतो आणि सगळ्यात जास्त तोटाही तिथेच सोसतो. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ या बारीक केबलचा २० मीटर तुकडा सुमारे चार डेसिबल खातो, म्हणजे संचातून निघालेल्या ५० वॅटपैकी अँटेनापर्यंत २० वॅट पोचतात. तेवढ्याच लांबीची आरजी-२१३ वापरली तर सुमारे ३३ वॅट पोचतात. ऐकण्याच्या बाजूनेही हीच गळती होते, आणि ती संचाची शक्ती वाढवून भरून निघत नाही. म्हणून आरजी-२१३ किंवा तिच्याहून चांगली केबल घ्यावी, आणि खोली निवडता येत असेल तर रेडिओ वरच्या मजल्यावर ठेवावा. डिशची केबल ७५ ओहमची असते आणि आपला संच ५० ओहमचा, शिवाय तिला आपले कनेक्टर धड बसत नाहीत. ती फार तर ऐकण्यापुरती वापरावी.

काळी केबल मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर उघडी पडली की तिचे आवरण कडक होते आणि तडकते, आणि खारी व उंदीर जे काय करतात ते वेगळेच. यावर आपल्या भागात एक सोपा उपाय आहे : ठिबकाची १६ मिलिमीटरची साधी, ड्रिपर नसलेली लॅटरल नळी. ती मुळात भर उन्हात वर्षानुवर्षे पडून राहण्यासाठीच केलेली असते, कोणत्याही कृषी केंद्रात मिळते आणि तिच्यातून आरजी-२१३ सरकते. कनेक्टर मात्र तिच्यातून जात नाही, त्यामुळे केबल आधी ओवावी आणि कनेक्टर नंतर बसवावा. मी पहिल्यांदा उलटे केले होते आणि दोन्ही कनेक्टर कापून पुन्हा डाग द्यावे लागले. नळी जिथे सगळ्यांत खाली झुकते तिथे सुईने दोन भोके पाडावीत, म्हणजे आत जमलेला दमटपणा निघून जातो. बांधण्यासाठी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या वापरू नयेत, त्या एका उन्हाळ्यात कटाकट तुटतात. काळ्या, उन्हात टिकणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून वरून बाइंडिंग वायर आवळावी. केबल खिडकीतून किंवा भिंतीतून आत येते तिथे आत शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकून पडते आणि केबलवरून ओघळत घरात येत नाही. भिंतीतले भोकही बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे.

अँटेनाजवळचा कनेक्टर हे या सगळ्या कामातले सर्वांत नाजूक ठिकाण आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पीएल-२५९ पाणी अडवत नाही. त्यावर आधी साध्या टेपचा एक थर द्यावा, म्हणजे पुढे कधी खोलताना चिकटपणा राहत नाही. त्यावर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. आणि तिचे उन्हापासून रक्षण करण्यासाठी सर्वांत वर पुन्हा चांगल्या प्रतीची पीव्हीसी टेप द्यावी. शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्यावा. कौले खालच्या ओळीपासून वर रचत जातात तसा वरचा पदर खालच्यावर आला की पाणी आत न शिरता बाहेरून घसरते.

माझ्या पहिल्या अँटेनाला मी नुसती काळी टेप गुंडाळली होती. मेच्या उन्हात तिचा डिंक पातळ होऊन टोक सुटले आणि जूनच्या पावसात पाणी आत गेले. गंमत अशी की जुलैमध्ये माझा एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) १.६ वरून १.२ वर आला आणि मी खूश झालो. भुसावळचा एक मित्र मात्र तुझा आवाज दिवसेंदिवस खोल जातो आहे, असे सांगत राहिला. दिवाळीनंतर रेडिओजवळचा कनेक्टर कापला तेव्हा त्यातून चहाच्या रंगाचे पाणी ठिबकले आणि आतली तांब्याची जाळी संपूर्ण काळी पडलेली दिसली. पाण्याने भिजलेली केबल जाताना शक्ती खाते आणि परत येणारी लहरही खाते, त्यामुळे खाली बसवलेल्या मीटरला परत आलेले काहीच दिसत नाही आणि तो सगळे उत्तम असल्याचे सांगतो.

अर्थिंग आणि वीज

अर्थिंगचा उद्देश नीट समजून घ्यावा. कोसळणारी वीज थेट खांबावर पडली तर घरगुती अर्थिंगने संच वाचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अर्थिंगमुळे वादळी हवेत खांबावर साठणारा विद्युतभार जमिनीत जातो, जवळपास पडलेल्या विजेचा झटका घरात शिरण्याऐवजी बाहेरच्या वाटेने जाण्याची शक्यता वाढते, आणि खांबात चुकून विजेचा प्रवाह उतरला तर माणूस वाचतो.

अर्थिंगच्या बाबतीत खान्देशातील काळी माती दोन तोंडांनी बोलते. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि जमिनीचा रोध कमी राहतो. एप्रिल-मेमध्ये मात्र ती आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईभोवती पोकळी तयार होते. नेमक्या त्याच दिवसांत मॉन्सूनपूर्व गडगडाट सुरू होतो. म्हणून अडीच ते तीन मीटर लांबीची सळई पूर्ण खोल जाईल असे पाहावे, आणि खड्ड्यात बेंटोनाइटवर आधारित तयार मिश्रण भरावे. मीठ-कोळशाची जुनी पद्धत चालते, पण मीठ सळई खाते. खड्डा शक्यतो अशा जागी घ्यावा की कूलरचे सांडपाणी आपोआप तिथे जिरेल. ते जमत नसेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावे.

खांबापासून सळईपर्यंत २५ मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड जीआय पट्टी किंवा १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार भिंतीच्या बाहेरून, शक्य तितकी सरळ न्यावी. काटकोनी वळणे टाळून गोलसर वळणे द्यावीत, कारण विजेचा झटका तीव्र वळणाशी वाट सोडून उडी मारतो. केबल घरात शिरण्यापूर्वी तिची बाहेरची जाळीही याच अर्थिंगला जोडावी आणि तिथेच गॅस-ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका अर्थिंगकडे वळवणारे उपकरण) बसवावा. त्यानंतर जी पायरी बहुतेक जण गाळतात ती करावी : अँटेनाची अर्थिंग घराच्या विजेच्या अर्थिंगला जाड तारेने बाहेरूनच जोडावी, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. दोन अर्थिंग वेगळ्या ठेवल्या तर जवळ वीज पडताच त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक निर्माण होतो, आणि दोन्हींना जोडणारा एकमेव दुवा म्हणजे टेबलावरचा आपला रेडिओ असतो.

एवढे करूनही रेडिओ वापरात नसेल तेव्हा केबल काढून खिडकीबाहेर ठेवण्याची सवय लावावी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या दामिनी ॲपवर जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना मिळते. पण गडगडाट कानावर आला असेल तर केबल काढायलाही जाऊ नये, ती वेळ निघून गेलेली असते.

उभारणीचा दिवस

काम दिवाळी ते होळी या काळात करावे. मेमध्ये सकाळी दहानंतर जीआय पाइपाला हात लावता येत नाही आणि टेपही धड चिकटत नाही. वारा पडलेली सकाळ निवडावी, सोबत निदान एक जाणता माणूस घ्यावा, पायांत रबरी तळव्याचे बूट असावेत, आणि खाली गल्लीच्या बाजूला काम संपेपर्यंत कोणाला तरी उभे करावे.

अँटेना गच्चीवरच खांबाला बसवावा, केबल जोडावी, खांब कठड्याला तात्पुरता तिरपा टेकवून एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावा आणि आकडा अगदीच वेडावाकडा नाही एवढी खात्री करून मगच कनेक्टरवर टेप गुंडाळावी. टेप आधी आणि तपासणी नंतर असा क्रम ठेवणारा माणूस हमखास टेप दोनदा गुंडाळतो. त्यानंतर खालचा क्लॅम्प सैल बसवून खांब त्यात उभा करावा, एकाने धरून ठेवावा आणि दुसऱ्याने वरचा क्लॅम्प आवळावा. ओळंबा दोन बाजूंनी लावून खांब सरळ आहे हे पाहावे. किंचित कललेल्या खांबाने रेडिओला फरक पडत नाही, पण रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण तेवढे सांगितल्याशिवाय राहत नाही. यू-बोल्टला दुहेरी नट द्यावेत.

ज्यांना तयार अँटेना परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. एसओ-२३९ सॉकेटच्या (पीएल-२५९ ज्यात बसतो त्या) मध्यभागी ४९ सेंटिमीटरची एक उभी पितळी कांडी आणि चार कोपऱ्यांना ५२ सेंटिमीटरच्या चार कांड्या ४५ अंशांत खाली वाकवून डाग दिल्या की दोन मीटर बँडचा पाव-तरंगाचा (लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढा) ग्राउंड प्लेन अँटेना तयार होतो. कांड्या वाकवण्याचे कारण एवढेच की आडव्या ठेवल्या तर अँटेनाचा रोध ३६ ओहमच्या आसपास राहतो, आणि वाकवल्या की तो ५० च्या जवळ येतो. त्याचे वजन कमी, वाऱ्याला अडवणारे क्षेत्र कमी, आणि पहिल्या वर्षासाठी माझी पसंती त्यालाच आहे.

मोजमाप

एसडब्ल्यूआर १४४, १४५ आणि १४६ मेगाहर्ट्झ अशा तीन ठिकाणी मोजावा. १.५ असेल तर पाठवलेल्या शक्तीपैकी सुमारे ४ टक्के परत येते, २ असेल तर ११ टक्के, आणि ३ असेल तर २५ टक्के. १.५ च्या खाली आल्यावर आणखी खाली आणण्यासाठी गच्चीवर चढउतार करणे व्यर्थ आहे. १४४ वर आकडा कमी आणि १४६ वर जास्त असेल तर अँटेना लांब आहे, उलट असेल तर आखूड. घरगुती ग्राउंड प्लेनच्या बाबतीत हे कांडी दोन-तीन मिलिमीटर कापून दुरुस्त होते, म्हणून ती सुरुवातीला सेंटिमीटरभर लांबच ठेवावी.

माझी ती भिजलेली केबल ओळखण्याची रीतही इथेच सांगतो. नॅनोव्हीएनए हे अँटेना व केबल तपासण्याचे छोटे उपकरण आता अनेकांकडे असते. केबलचे अँटेनाकडचे टोक मोकळे सोडावे आणि खालून रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारी लहर पाठवलेल्या लहरीपेक्षा किती डेसिबलने कमी आहे तो आकडा, मोजावा. जो आकडा येईल त्याच्या निम्मा म्हणजे त्या केबलचा एकेरी तोटा. २० मीटर चांगल्या आरजी-२१३ ला हा रिटर्न लॉस साडेतीन डेसिबलच्या आसपास यायला हवा. तो १६ आला तर केबल आठ डेसिबल खाते आहे, आणि तशा केबलला अँटेना मुळी जोडलाच नाही तरी मीटर १.४ असा समाधानकारक एसडब्ल्यूआर दाखवतो. ही चाचणी केबल नवी असतानाच एकदा करावी. उपकरण नसेल तर जवळच्या हॅमकडून उसने आणावे. संच चालू करून मोकळ्या टोकावर प्रक्षेपण मात्र करू नये, त्याने संचाचा शेवटचा टप्पा जळू शकतो.

पुढची देखभाल

संक्रांतीनंतर गच्चीवर जाऊन अँटेनाला अडकलेला मांजा काढावा. बंदी असूनही येणारा नायलॉनचा मांजा वाऱ्यात कांड्यांना करवतीसारखा घासतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांनी खांबाला लोंबकळून अँटेना फिरवलेला आढळतो, तिथे यू-बोल्ट दर दोन महिन्यांनी हाताने चाचपावेत. घरातल्या कोणी खांबाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली असेल तर ती गोडीगुलाबीने सोडवून दुसरीकडे खिळा मारून द्यावा, कारण ओल्या चादरीला लागणारा वारा अँटेनाला लागणाऱ्या वाऱ्याच्या कितीतरी पट असतो.

मुख्य तपासणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात करावी. घरोघर झोके बांधले जात असतात आणि वादळांना अजून दोन-तीन आठवडे असतात. सगळे नट पान्याने पुन्हा आवळावेत, क्लॅम्पवर गंज दिसला तर घासून रंगाचा हात द्यावा, कनेक्टरवरच्या टेपचे टोक सुटले असेल तर वरचा थर बदलावा, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडावे, आणि तीन फ्रिक्वेन्सींचे एसडब्ल्यूआर व मोकळ्या टोकाचा रिटर्न लॉस तारखेसह एका कागदावर लिहून तो रेडिओच्या मागे भिंतीवर चिकटवावा. पुढच्या आखाजीला त्याच कागदावर खालची ओळ लिहावी, आणि एसडब्ल्यूआर मागच्या वर्षीपेक्षा सुधारलेला दिसला तर सर्वांत आधी वरचा कनेक्टर उघडून पाहावा.